खोली नंबर सतरामधली फेरमोजणी

यशोदाबाई भाटकर अकरा मतांनी पडल्या
तेव्हा सोहारमध्ये साडेबारा वाजले होते, तिकडे दोन.
हा दीड तास एरवी फक्त
बायकोला फोन लावताना आठवतो.
मुख्तार पारकर म्हणाला,
म्हणजे आपल्या घड्याळात त्या अजून पडल्या नाहीत.
दोन वाजेपर्यंत बाई निवडून आहेत.

गुलाल नव्हता. कॅम्पात चालतही नाही.
दोन वाजता बाई इथेही पडल्या
आणि विश्राम राहाटे बोटांवर मोजू लागला:
या खोलीत आठ, शेजारी पाच,
आणि वॉचमनच्या केबिनमध्ये झोपणारा इक्बाल.
चौदा. सगळे एकाच मतदारसंघाचे,
सगळ्यांची नावं यादीत,
सगळ्यांची बोटं कोरी.

कोरी तरी कशी म्हणू.
अंगठा रोज पहाटे पाचला लागतो
गेटवरच्या मशीनला,
हिरवा दिवा पेटला की आम्ही आहोत.
ते मत आम्ही कधी चुकवलं नाही.

चौदातून अकरा गेले, राहिले तीन.
बाई तीन मतांनी आमदार.

आत्याबाईला मिशा असत्या तर, इक्बाल म्हणाला.
आमच्या आत्याला होत्या, राहाटे म्हणाला,
तरी आम्ही तिला आत्याच म्हणायचो.

त्या तीन मतांवर आम्ही रात्रभर राज्य केलं.
खाडीवर पूल झाला,
आमच्या खाडीवर; हिंदी बातम्यांत
या अख्ख्या आखातालाच खाडी म्हणतात,
तिच्यावर कोण बांधणार.
आरोग्य केंद्रात डॉक्टर राहायला आला,
त्याच्या बायकोला गाव आवडलं.
सदा घडशीच्या आईचा पाय वाचला.

थोडा वेळ कुणी बोललं नाही.
पाय कापून तीन वर्षं झाली होती,
म्हणजे मागची निवडणूकही बदलायला हवी.
तीही बदलली.
मग दिल्लीची, हात घातलाच आहे तर.
रुपया वर चढला, तो कुणीतरी घाईनं उतरवला:
पगार रियालात आहे, वेड्या.

असे मागे मागे जात
आम्ही त्या निवडणुकीपाशी पोचलो
जिच्यानंतर एमआयडीसीतल्या मोकळ्या शेडमध्ये
खरोखरच कारखाना सुरू झाला असता
आणि आमच्यातलं कुणीच इथे आलं नसतं.
तिथे अडलो.
एसी घरघरत होता.
आठ खाटा, कुणीच न झोपलेल्या,
खिळ्यावरची हेल्मेटं दुसऱ्या कुणाची.
लाईट लाव रे, सदा म्हणाला. लाईट चालूच होती.

शेवटी मुख्तारनं निडोचा रिकामा डबा आणला,
झाकणाला सुरीनं फट पाडली.
टाइमशीटच्या कोऱ्या बाजूचे चौदा तुकडे.
टाइमकीपर मी, म्हणून मोजणी माझ्याकडे.
एकेकानं बाथरूममध्ये जायचं,
कडी लावायची, लिहायचं, यायचं.
सगळ्यात जास्त वेळ सदाला लागला.

डबा पालथा केला खाटेवर, पाठ करून.
यशोदाबाई पाच.
दळी सात. तेच दळी, जे निवडून आलेत.
एका चिठ्ठीवर नुसतं 'पूल'.
एक कोरी.

सातांतली एक माझी होती.
भाऊ दळींच्या पतपेढीत लागलाय,
अजून कायम व्हायचाय.

मागे तेरा जण श्वास धरून उभे.
मी वळलो आणि म्हणालो,
चौदाच्या चौदा, बाईंना.

टाळ्या झाल्या.
काही टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या
आणि मग बाकीच्यांपेक्षा जोरात वाजल्या.
राहाटेनं मला मिठी मारली,
इक्बाल केबिनकडे निघून गेला.
चिठ्ठ्या मी फ्लश केल्या, दोनदा,
'पूल' लिहिलेली वर तरंगत राहिली म्हणून.

फेरमोजणी कुणी मागितली नाही.