खांदेकरी

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
टे नदीवरचा पूल दिवे लावून बसतो,
मी सूक्ष्मदर्शकाचा.

फॉर्मवर: कॅलम, वय एकोणीस.
मानेत डावीकडे गाठ, सहा आठवडे.
दुखत नाही. घरी मांजर आहे.
मांजराचं आईनेच सांगितलं असणार,
खापर फोडायला काहीतरी हवं म्हणून.

लहान भिंगाखाली नुसती जांभळी गर्दी.
वस्त्या फुगल्यात, एकीला लागून दुसरी.
पण ही ताप येऊन गेल्यावरची धावपळ,
की कोणी घरच बळकावलंय?

भिंग बदलते.
एका अंगाला काळोखी दाटी, दुसऱ्या अंगाला उजेड,
आणि मधूनमधून, फिकट, ऐसपैस,
मेलेल्यांचे तुकडे खांद्यावर नाही, पोटातच घेऊन
फिरणारे खांदेकरी.

मिरजेत शिकताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा दचकले होते.
आता त्यांनाच शोधते.
ज्या गावात माणूस मरतो आणि त्याला कोणी उचलतं
ते गाव धड आहे.
भीती त्या गावाची, जिथे मरायचंच विसरलेत,
चेहरे सारखे, वेशीचा पत्ता नाही,
कप्पा आणि लॅम्डा अशी दोन घराणी असताना
सगळे एकाच कप्प्यातले.

तरी सही करत नाही.
अकरा वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी
खांदेकरी दिसले म्हणून मी खुर्चीतून उठले होते.
पुढचं इथे लिहीत नाही.

मोराग काचा रंगात ठेवते, कोट चढवते,
म्हणते, उद्या दहाला.
रंगाला कोणाची घाई कळत नाही.
रात्री कुठेतरी एक पोरगा
बोटांनी मान चाचपत पडला असेल,
पायाशी मांजर.

दहा वाजून सात.
वर्तुळांच्या कडा काताच्या रंगाच्या,
मधली अंगणं कोरी, निळी.
एकेक मोजते. एकेचाळीस.
चौदावं पुन्हा पाहते.
तेही कोरं.

लिहिते: प्रतिक्रियेतून झालेली वाढ.
लिम्फोमाचा पुरावा नाही.
'नाही' आणि 'पुरावा नाही' यांच्यामध्ये
मी रोज नोकरी करते;
त्याच्या आईने तिथे पाऊलही ठेवू नये.

मांजर निर्दोष की नाही,
ते लिहायला रिपोर्टात जागा नसते.