पितळी हात

लिंकनच्या किल्ल्याखाली जत्रा भरलेली,
कधी झालंच नाही अशा शतकाची.
ब्रिस्टलहून तीन गाड्या बदलून आली
आयोनी प्रेस्कॉड, मांडीवर खोका सांभाळत.

उंच टोपीतल्या एकाने अदबीने विचारलं,
"वा! तुम्ही कोण? कप्तानाच्या घरची आया?"
"कप्तान."
तो हसला. माणूस वाईट नव्हता.
"नाही, म्हणजे त्या काळी तुमच्यातल्या... शिवाय बाई..."

त्या काळी कोळशावर विमानं तरी
कुठे उडत होती?
हे ती बोलली नाही. खोका उघडला.

कोपरापर्यंत पितळी हात.
बोटांत सायकलच्या ब्रेकच्या तारा,
मनगटावर वाफेचा काटा, थरथरता.
तीन हिवाळे खपली होती त्यावर.
गर्दी जमली. कुणी म्हणालं, काय कल्पना आहे!

कल्पना?
बार्बाडोसला, पणजीच्या पणजीच्या वेळी,
उसाच्या चरकाशेजारी कुऱ्हाड टांगलेली असे.
रात्रपाळीत ऊस सारता सारता डुलकी लागली,
बोटं लाटांमध्ये गेली,
तर चरक थांबवत नसत.

मळ्याच्या वहीत तिचं नाव नाही.
"बाई. एकहाती. किंमत निम्मी."
एवढंच, वळणदार अक्षरात.

आयोनीच्या कादंबरीत ती सुकाणूवर उभी आहे,
खाली ढग, काकवीच्या रंगाचे,
आणि खलाशी तिला नावाने हाक मारतात.
ते नाव ठरवायलाच सगळ्यात जास्त दिवस गेले.

टोपीवाल्याने टोपी काढली. "हात मिळवू?"
"मिळवा," ती म्हणाली, "पण जपून.
धरायला शिकलाय.
सोडायला अजून नाही."