बोरीच्या पात्रात

वैशाखात बोरी म्हणजे नुसती वाळू.
दुपारी दोनला, निंबाचं पानही हलत नाही तेव्हा,
मागच्या गल्लीतला दुर्गेश आणि त्याचे तीन जोडीदार
सायलेन्सर काढलेल्या गाड्या पात्रात घालतात
आणि अख्ख्या पैलाडची झोप फाडत सुटतात.
नगरसेवक म्हणाले, पोरंच ती.

आज काठी घेऊन मीच उतरलो.
वाटेत शिव्या जुळवल्या,
चांगल्या चार, ठेवणीतल्या.

पण एकोणतीस वर्षं एसटीच्या डेपोत
मी कानांवर पगार घेतला.
धुरळ्यातून तिसरी गाडी गेली
आणि तोंडातून निघालं,
"चेन ढिली आहे रे. तुटली तर पाय नेईल."

गाड्या थांबल्या.
पाना एकाकडेही नव्हता.
मी घरी आलो, पाना घेतला, परत गेलो.
काठी तिथंच वाळूत राहिली.

कोकिळाबाई दारात:
"भांडाले ग्यात का नोकरीले?"
हात धुतले. नखांत ग्रीस तसंच.

आवाज अजून तेवढाच आहे.
फक्त त्यातली खटखट गेली,
आणि डोळे मिटून, घामात,
मी चौथ्या गाडीचं टॅपेट ऐकतो आहे.