हवेकडची बाजू

अण्णांनी प्रयोगशाळेत आल्या आल्या विचारलं ते हेच:
कुणाचं हाय ह्ये कातडं?

कुणाचंच नाही अजून, मी म्हटलं.
तेरा दिवसांचं आहे.
बारा खळग्यांच्या ताटलीत, झाकणाखाली,
रुपयाहून लहान,
दुधावरच्या सायीहून थोडं जाड.

त्यांनी हात मागे बांधले
जुन्या सवयीनं,
काचेलाही लागू नये म्हणून.

जवाहरनगरच्या आमच्या बोळात
कातडं यायचं ते जनावराची ओळख घेऊन.
तारेचा ओरखडा, गोचिडांचे वण,
पाठीवर कासऱ्याचा जुना वळ;
अण्णा बोटानं वाचायचे.
चुन्यात केस सुटायचे.
मग बाभळीची साल, हिरडा,
कातड्याचीच पिशवी शिवून आढ्याला टांगायची
आणि तिच्याच पोटात ते तांबडं पाणी ओतायचं.
रात्रभर ठिबकायचं.
त्या ठिबकण्यावर मी दहावीचा अभ्यास केला.
वर्गात माझ्या बाकावर
शेजारची जागा कायम हवेशीर.

पुढं पुस्तकात नाव भेटलं: कोलॅजेन.
तीन पदरांची वेणी,
आक्का शाळेच्या दिवशी घालायची तशी, डोळे ताणणारी.
हिरड्याचा तुरटपणा त्या पदरांत शिरतो
आणि कातडं कुजायचं विसरतं.
अण्णांना हे चाळीस वर्षं ठाऊक होतं,
वेणी तेवढी दिसली नव्हती.

माझं काम उलटं.
मी आम्लात विरघळलेलं कोलॅजेन बर्फावर ठेवते,
थेंबाथेंबानं आम्ल मारते
पिवळ्याचं गुलाबी होईतो.
मग पेशी.
मग सदतीस अंशांची ऊब,
आणि अर्ध्या तासात पाणी उभं राहतं.
मेलेलं टिकवायचं नाही मला.
जिवंतांनी त्यात राहायला यावं
एवढीच मनधरणी.

पहिल्या सहा खेपा वाया गेल्या.
पेशींनी चारी बाजूंनी ओढून ओढून
सगळ्याचा बेदाणा केला.
फोनवर रडकुंडीला आले तर अण्णा म्हणाले,
आवळतंय व्हय? मग कड धर की त्याची.
आमी काय करतो? खुट्ट्या मारतो, ताणून ठिवतो.
मी हसले.
दुसऱ्या दिवशी जाळीची गोल कड बसवली.
सातवी खेप तग धरून राहिली.

प्रबंधात त्या वाक्यापुढं संदर्भ हवा होता.
धोंडीराम कटके, खाजगी संवाद, असं लिहिलं.
मार्गदर्शकांनी पेन्सिलीनं विचारलंय: कोणती संस्था?
अजून कोरंच आहे ते.

अण्णा वाकले.
ह्यात केसाकडची बाजू कंची, मासाकडची कंची?
केस नाहीत, अण्णा. घाम नाही, नस नाही.
ही पाण्याकडची, खालून पिते.
ही हवेकडची.
आठव्या दिवशी हिला पाण्यातून वर उचललं,
तेव्हापासून वरचा थर हवेसाठी
आपणहून मरतोय,
खालच्यांना झाकायला.

ते काही बोलले नाहीत.
बोटांच्या पेरांवरची कातडी,
रापीनं, आरीनं, चुन्यानं निबर झालेली,
अंगठ्यानं चोळत राहिले.

मग मी मलमाचं सांगितलं.
शिरोलीच्या फाउंड्रीत सर्जेरावमामांच्या हातावर
वितळलं लोखंड उडालं होतं, तसल्या भाजण्यासाठी;
आता ते आधी इथं लावून बघायचं,
सशाची पाठ भादरायला नको.
आणि पेशी?
कुठल्याशा बाईंच्या ऑपरेशनात उरलेल्या.
त्यांनी सही दिली. आम्हाला नंबर दिसतो: एकतीस.

म्हंजे कुणाचं तरी हायच की, अण्णा म्हणाले,
आणि ताटलीसमोर,
बाजारात ओळखीची बाई दिसावी तशी,
किंचित मान लववली.

परतताना सायबर चौकात, सिग्नलला,
मागच्या सीटवरून एवढंच:
वास न्हाई गं त्येला.

कौतुक होतं की उणं काढलं,
कळलं नाही. मागं वळले
तर हिरवा पडला,
आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.