तीनच्या वर

नगरपालिकेनं शीव सरकवली
गेल्या ऑगस्टात, नकाशावर, एका बैठकीत,
कॉफी गार व्हायच्या आत.
नेस्टर ह्रिट्साकचं घर होतं तिथंच राहिलं.
रात्रीतून ते गावाबाहेरचं गावातलं झालं,
आणि त्याच्या गोठ्यातली मांजरं
बेकायदा.

उपविधी सत्तेचाळीस, कलम नऊ:
एका घराला तीन. कुत्री-मांजरं मिळून तीन.
चार महिन्यांखालची पिल्लं मोजू नयेत.
मासे मोजू नयेत.
मला हे तोंडपाठ आहे, पगारच त्याचा मिळतो.

उणे एकतीस. गाडी चालूच ठेवली,
बंद केली तर पुन्हा सुरू व्हायची नाही.
हातमोज्यात वही धरून मी विचारलं,
"किती पाळलीत?"
म्हातारा म्हणाला, "एकही नाही.
मी फक्त दार उघडं ठेवतो."

गोठ्यात गाय नाही एकोणीस वर्षं.
तरी तिची ऊब लाकडात कुठेतरी मुरलेली असणार,
नाहीतर सगळी प्रेअरी सोडून
एवढी जणं इथंच कशाला येतील?
मी मोजायला लागले.
एक ओटच्या पोत्यावर. दोन तुळईवर.
एक बोका, कानांची टोकं थंडीनं झडलेली,
त्यानं जांभई दिली.
सहा. मग सहावं हललं, त्याच्यामागे सातवं निघालं.
आठवं बहुतेक पहिलंच होतं.
मी पुन्हा एकपासून सुरू केलं.
शाळेत मी पाढ्यांत कधी अडले नव्हते.

"त्या नव्या घरात माणसं नऊ," तो म्हणाला. "त्यांना किती?"
"तीन."
"आणि मला एकट्याला?"
"तीनच. नियम घराला आहे, माणसाला नाही."
तो बराच वेळ दुधाची पावडर ढवळत राहिला.
"म्हणजे मारुसिया होती तेव्हाही तीन,
ती गेल्यावरही तीन."
"हो."
"चांगला नियम आहे," तो म्हणाला.
"यात माणूस वजा होत नाही."

तक्रार कुणाची, ते त्यानं विचारलं नाही.
त्या नव्या घरातल्याच बाईची होती.
तिच्या धाकट्याला दमा आहे,
आणि धाकटा रोज कुंपणाखालून इकडेच येतो.
बर्फात त्याच्या गुडघ्यांच्या खुणा होत्या,
मी त्यांवरूनच चालत आले होते.
तिचंही काही चुकत नाही.

मांजर पाळायचं, नियमही पाळायचा,
शब्द एकच.
फक्त नियमाला कुणी बशीत दूध घालत नाही,
तरी तो वाढतो.

फॉर्मवर रकाने: नाव, रंग, वय.
"नावं नाहीत," तो म्हणाला, "हाक मारून येणार आहेत थोडीच."
रंग मी लिहिले. काळा. करडा. करडा. राखेसारखा.
"वय?"
त्यानं त्या कानतुटक्या बोक्याकडे पाहिलं,
ज्याच्या मिशा म्हाताऱ्याच्या मिशांहून पांढऱ्या होत्या,
आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाला,
"साडेतीन महिने."
"आणि ती तुळईवरची?"
"तीन."
"हे जाडं?"
"हे तर परवाचंच."

दात पाहून वय ओळखायला मला शिकवलंय,
दोन दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र कचेरीत लावलंय.
मी दात पाहिले नाहीत.
लिहिलं: साडेतीन. तीन. दोन दिवस.
सगळ्यांत खाली, फेरतपासणी: मे.
मेपर्यंत बोका राहील की नाही, कोण सांगणार.
म्हाताऱ्याचंही मी मनात धरलं,
आणि लगेच खोडलं.

बाहेर गाडी धापा टाकत होती.
बॉनेटवर, ऊब होती नेमक्या तिथं,
एक पिवळं बसलेलं,
माझ्या यादीत नसलेलं.
हे कुणाच्या घरातलं धरायचं,
कलम नऊमध्ये काही नाही.

मी आत बसले. दार हळूच ओढलं.
हॉर्न वाजवला नाही.