अस्वलाचं पुस्तक नको

शुक्रवारी रात्री भांडी आवरली की
मी ओट्यावर पुस्तकं मांडते
आणि वांगी निवडावीत तशी निवडते.
देठ बघते, दाबून बघते,
आत कीड निघेल का याचा अंदाज घेते.

उद्या सकाळची शाळा सुटली की
खानापुरात, बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याच्या व्हरांड्यात
तेरा जण येतील. कधी सतरा.
धाकटी शिवलीला, साडेतीन वर्षांची,
तिच्या लेखी पुस्तक म्हणजे चावायचा कोपरा.
मोठी रेणुका, तेरा संपलेली.
ऐकायला येत नाही म्हणते, भावाला सोडायला येते,
आणि शेवटच्या पानापर्यंत खांबाला टेकून उभी असते.
मधे तौसीफ, ज्याला फक्त खरं घडलेलं लागतं.
आंतोन, जो कोकणीत मोजतो आणि मराठीत भांडतो.
मळेकरांचे जुळे.
भरमा.

या सगळ्यांना मिळून एक पुस्तक.
चपलांच्या दुकानात जाऊन
अख्ख्या गल्लीला होईल असा एकच जोड मागावा, तसं.

अस्वलाचं देखणं आहे.
चित्रं अशी की पानाला मधाचा वास यावा.
खरं ते नको.
भरमाच्या काकाचा अर्धा गाल
जांबोटीच्या रानात अस्वलानं नेलाय,
आणि भरमा पहिल्या रांगेत बसतो.
लिहिणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार.

शेळीचं वाचलं होतं मागं.
बारके बें बें करत सुटले,
मोठे एकमेकांना कोपरं मारायला लागले,
आणि तौसीफनं विचारलं, "टीचर, हिला कापतात कधी?"
शिवलीलाचं रडं थांबेपर्यंत साडेबारा.

भुताचंही एक होऊन गेलं.
रेणुकानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.
खरं जुळ्यांतल्या एकानं रात्री अंथरूण ओलं केलं.
त्यांची आई सोमवारी गोधडी घेऊन दारात उभी.
बोलली काही नाही.
माझ्याच दोरीवर वाळत घालून गेली.

तेव्हापासून एवढं कळलंय:
बारक्यांना एक ओळ परत परत यायला हवी,
मोठ्यांना गोष्टीत कुणीतरी पक्कं खोटारडं हवं,
आणि दोघांच्या मधल्यांना
आपण दोघांपैकी कुणीच नाही, हे विसरायला हवं.
भाषेचं विचारू नका.
फळ्यावर एक, चुलीपाशी एक, खेळात चिडल्यावर तिसरी.
पाट्यांवरून मोठी माणसं भांडतात ती भांडोत,
मी अजून अस्वलापाशीच अडकलेय.

गेल्या शनिवारी हरवलेल्या किल्लीचं नेलं.
जाड, जुनं, चित्रं कमी.
निम्म्यावर आले आणि थांबले.
पुढचं पान नव्हतंच.
कोपऱ्यावर बारीक दातांच्या खुणा.

सगळे गप्प.
आणि आजवर व्हरांड्यात एक शब्द न बोललेली शिवलीला
तोंडातलं बोट काढून म्हणाली,
"मुंद?"

"पुढं काय, म्हणतीय ती," खांबापासून रेणुका म्हणाली,
जणू इथं एकोणीस वर्षं राहून
मला एवढंही कानडी येत नाही.
मग खांब सोडून आली,
शिवलीलाला मांडीवर घेतलं,
आणि जे पान नव्हतं ते सांगायला लागली.
निम्मं कानडीत, निम्मं मराठीत.
किल्ली म्हणे याच भट्टीत भाजली गेली, चिखलाबरोबर.
कुणाच्या तरी घरावर आहे.
पाऊस पडला की त्या एकाच कौलातून
कुलूप उघडल्यासारखा आवाज येतो.

आंतोननं वर बघितलं. मग सगळ्यांनीच.
"हे खरं?" तौसीफ.
"खरं…" म्हणून रेणुका थांबली.
आमच्याकडं खरं म्हणजे खरं,
आणि खरं म्हणजे पणसुद्धा.
कुठलं ते तिनं सांगितलं नाही.

साडेदहा वाजले. ओटा पुसायचा राहिलाय.
किल्लीचं वरती ठेवते, शेळीचं खाली.
अस्वल परत कपाटात.

एकदा भरमालाच विचारून बघायला हवं खरं.