नऊशे पाच

टायर चालून मेले नाहीत, हसनैन म्हणाला,
उभे राहून मेलेत.
अंगठ्याचं नख त्यानं बाजूच्या रबरात रोवलं
आणि भेग उघडली, टाचेला पडते तशी.
नक्षी मात्र कोरी. वरचे रबराचे केस
अजून तसेच, न काढलेल्या जावळासारखे.

कडेला लंबगोलात चार आकडे: ०९१४.
चौदा सालचा नववा आठवडा.
तेव्हा दिगंबरनं चासीवर पत्रा ठोकला होता,
दोन बाक, एक मोरी, एक खिडकी,
आणि म्हणाला होता, दिवाळीत गोकर्ण.
अकरा दिवाळ्या ताडपत्रीखाली गेल्या.
मांजरीची पाच बाळंतपणं तिथंच झाली,
सेक्रेटरी खांडेपारकरांची तीन पत्रं आली
पार्किंगच्या जागेबद्दल.

कुर्ल्याच्या त्या गल्लीत टायरांच्या उतरंडी,
एका टायरात दुकानातला पोरगा झोपलेला.
दिगंबरला मोटारीचे हवे होते.
तेराच इंची, बसतात, स्वस्त पडतात.
"सगळं मिळून सहाशे चाळीस किलो.
मी स्वतः आकृतीवर लिहिलंय."
हसनैननं माझ्याकडे पाहिलं.
पैसे कुणीही मोजो, निर्णय कुठं होतो
हे दुकानदाराला कळतं.

मी सव्वीस वर्षं वडाळ्याला वजनकाट्यावर होते.
खिडकीतून हात बाहेर, हातात पावती.
सिमेंट, कांदा, भंगार,
एकदा सर्कशीचा पिंजरा, आत कुणी नसलेला.
ड्रायव्हरच्या तोंडचा आकडा
मी कधी लिहिला नाही.
म्हटलं, आधी काटा.

त्याच मेलेल्या टायरांत हवा भरून
सायकलीच्या वेगानं गेलो.
माझ्या खुर्चीवर आता रेश्मा घोणे, बाविशीची.
ओळखलंन् मला, तरी आतून ओरडली,
"माणसं खाली!"
माझंच वाक्य. माझ्याच सुरात.
आकडा हलला, डुलला, थांबला.
नऊशे पाच.

दिगंबरनं काट्याला दोष दिला. सगळेच देतात.
मी दार उघडून आत शिरले.
डाव्या बाकाखाली
घरी ठेवायची ठरलेली हत्यारांची पेटी,
तिच्यामागे पोत्यात गुंडाळलेली ऐरण.
"गोकर्णाला ऐरण?"
"आणि ते काय आहे?"
उजवीकडे चादरी पांघरून
माझं शिलाई मशीन उभं होतं,
पायट्याच्या लोखंडी स्टँडसकट.
मग दोघंही बोललो नाही.
रेश्मानं पावती दिली, पैसे घेतले नाहीत.

परत कुर्ला. हसनैननं पाठीमागच्या फळीवर
खडूनं हिशेब मांडला.
मोटारीचा टायर, एकाला चारशे सदतीस.
दोन मिळून आठशे चौऱ्याहत्तर.
"एकतीस किलो हवेत राहतात, भाभी.
ते कुणाचे, तुम्हीच ठरवा."

सव्वीस वर्षांत किती गाड्या मी
काट्यावरून मागे पाठवल्या असतील.
माल उतरवा, मग या. हात जोडलेत लोकांनी,
लग्नाच्या पत्रिका दाखवल्यात,
मी पावती फाडली नाही.
आणि त्या दिवशी ऐरणीकडे पाहिलं,
मशीनकडे पाहिलं,
आणि म्हटलं, टेम्पोचे दाखव.

आठ प्लायचे. एकेक सहाशे पेलणारा.
पासष्ट पौंड हवा.
"कडक आहेत, आत हादरे बसतील."
आम्ही पुढे गाडीत असणार, मी म्हटलं,
हादरे ऐरणीला बसू देत,
तिला सवय आहे.

तीन घेतले. स्टेपनीवर
आमचं लग्नापासून एकमत आहे.
मी वाकून तारीख वाचली: २२२५.
"त्या आठवड्यात आपण काय करत होतो रे?"
दिगंबर नट हातात धरून आठवत राहिला.
"खांडेपारकरांचं तिसरं पत्र."

पोरगा झोपेतून उठून आला, जॅक सोडला.
नवं रबर खाली टेकलं,
जरासं पसरलं,
आणि तिथंच थांबलं.